पालथी बादली

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. म्हणजे तुझ्या कंपनीचं. सुरुवात ‘आदरणीय पशुपालक बंधू’ अशी आहे, पाकिटावर पत्ता दूध संघाचा आहे, आणि आत छापील दोन पानं, एक रंगीत माहितीपत्रक आणि नमुना म्हणून पशुखाद्याच्या दाण्यांची दोन किलोची पिशवी. माहितीपत्रकावरची गाय इतकी स्वच्छ आहे की ती गोठ्यात राहत नसून कुठल्यातरी कचेरीत नोकरीला असावी. गेली चार वर्षं संघाची सचिव मी आहे. हे कंपनीला माहीत नसणार. तुला माहीत होतं का, ते मला आठवडाभर विचार करूनही ठरवता आलेलं नाही. आपण फोनवर वर्षातून दोनदा बोलतो आणि दोन्ही वेळा हवामानाबद्दल बोलतो, त्यामुळे असली माहिती तुझ्यापर्यंत जायला वाट कुठून असणार. ते काही असो, सख्ख्या बहिणीला बंधू म्हणून पत्र लिहिणारा आपल्या घराण्यातला तू पहिलाच. सही मात्र तुझीच, शाईची. नाव लिहून झाल्यावर शेवटची रेघ उगाचच वर ओढायची तुझी खोड गेलेली नाही, एवढं बघून बरं वाटलं.

इकडची खबर देते. गोठ्यात आता चोवीस गायी आहेत. मागची भिंत पाडून छप्पर उंच केलंय, त्यामुळे दुपारीही आत वारा फिरतो. धारेचं मशीन आणलं तेव्हा बाबा महिनाभर हात मागे बांधून त्याच्यासमोर उभे राहायचे, एखादा उमेदवार मुलाखतीला आल्यासारखं त्याच्याकडे बघत. त्याला ते अजून ‘पंप’च म्हणतात. मौनी आहे अजून. तोच, ज्याच्या तोंडाला विसावा नाही म्हणून तू त्याचं नाव मौनी ठेवलं होतंस. पूर्वी गायींशी बोलायचा, आता मशीनशी बोलतो, आणि मशीन मध्येच उठून जात नाही म्हणून जास्तच खूश आहे. तुझी आठवण काढतो. परवा म्हणाला, ‘ताई, धाकटे असते तर या नळ्यांचं कारण तरी सांगितलं असतं. तुम्ही नुसतं बटण दाबायला सांगता.’ माझे गुडघे कुरकुरतात, चष्मा लागलाय, आणि संघाच्या सभेत मी तोंड उघडलं की दोन-तीन जण लगेच खिडकीबाहेर बघायला लागतात. म्हणजे तब्येत उत्तम आहे.

बाबा आता शहात्तरचे. कानांनी कमी ऐकतात, पण फक्त मी सांगितलेलं. सकाळ-संध्याकाळ गोठ्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि कुठली गाय रवंथ करायची थांबली ते आमच्या आधी सांगतात. ‘युरिया’ हा शब्द आमच्याकडे अकरा वर्षांत कुणी उच्चारलेला नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. शेतात टाकायला पोतं आणावंच लागतं, तेव्हा बाबा म्हणतात, ‘ते पांढरं आणलंस का.’ ज्याचं नाव घेतलं तर तो घरात येऊन बसेल, अशा नातेवाइकाबद्दल बोलावं तसं.

तुझं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सचिव म्हणून, तेव्हा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा तू बोलतोयस असं समजून वाचलं, तेव्हा कळलं. मला जे समजलं ते बरोबर आहे का बघ. गायीच्या कोठीपोटात, म्हणजे चारा आधी जिथे साठतो त्या पहिल्या पोटात, जे जंतू बसलेत, ते म्हणजे कचेरीतले कारकून. त्यांना नत्र द्या, सोबत थोडी उसाची मळी किंवा भरडलेलं धान्य द्या, की ते बिचारे त्याची प्रथिनं करून गायीला देतात. पण साधा युरिया म्हणजे सकाळी दार उघडल्या उघडल्या सगळ्या फायली एकदम टेबलावर ओतणं. कारकुनांच्या हातून काही उरकत नाही, अमोनियाचा ढीग होतो, तो रक्तात जातो आणि गाय जाते. तुमच्या दाण्यांवर चरबीचा मुलामा आहे, त्यामुळे युरिया आत थोडा थोडा सुटत राहतो. एक फाइल संपली की दुसरी. मापाबाहेर दिलं तर तेही बाधणारच, लहान वासरांना द्यायचं नाही, आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण माप न देता दोन-तीन आठवड्यांत चढवत न्यायचं. एवढंच ना? मग त्यासाठी आठ पानी पत्रक कशाला छापता? कारकुनांचं उदाहरण फुकट देते, पुढच्या खेपेला छाप.

छापील कागदावर माझा विश्वास किती ते तुला माहीत आहे, म्हणून मी दोन पेले घेतले. एकात शेतातला साधा युरिया, दुसऱ्यात तुझे दाणे, दोन्हींत सारखं पाणी. पेले संघाच्या कामाच्या टेबलापाशी, घरातल्या खिडकीत ठेवले. साधा युरिया मी चष्मा पुसेपर्यंत विरघळला आणि पेला हाताला गार लागला. तुझे दाणे तळाशी बसून राहिले. तेवढ्यात बाबा आत आले आणि म्हणाले, हे काय. मी म्हटलं, पाणी. ते म्हणाले, ‘युरिया आहे.’ मी विचारलं, वास आला का. म्हणाले, ‘वास नाही येत त्याला. तुझ्या तोंडावरून कळलं.’ अकरा वर्षांनी तो शब्द घरात आला तो असा, सरळ, चपला न काढता. मला वाटलं आता पेला मोरीत जाणार. त्यांनी खुर्ची ओढली आणि खिडकीसमोर बसले. जेवायला उठले, परत येऊन बसले. चार वाजता विचारलं, ‘किती तास झाले?’ सहा. ‘अजून आहेत?’ बरेचसे आहेत. ‘कुणी केलं हे?’ मी म्हटलं, एक कंपनी आहे. यावर ते म्हणाले, ‘कंपनीत माणसं असतील ना कामाला,’ आणि काठी घेऊन गोठ्याकडे गेले. मी काही बोलले नाही. न बोलण्यात या घरात माझा हात कुणी धरणार नाही, हे पुढे येईलच.

त्यानंतरच्या गुरुवारी संघाची सभा होती. तुझं पत्र मी विषयपत्रिकेवर घेतलं होतं: कंपनीला साठ दिवसांच्या चाचणीसाठी वीस दुभत्या गायींचा एक गोठा हवा आहे, कोण देणार. अध्यक्षांनी, तेच ते, ज्यांना प्रत्येक वाक्यानंतर टाळी लागते, सही वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘हा तुमचाच ना?’ म्हटलं, आमचाच. मग पाठीमागून सुरू झालं. एक म्हणाला, ‘पहिली परीक्षा घरच्या गायींवर झाली, आता आमच्या गोठ्यात येतोय का?’ दुसरा म्हणाला, ‘तीन गेल्या होत्या ना? का चार?’ जनावरांचे डॉक्टर होते सभेला, आता पार पिकलेत. ते म्हणाले की दाणे चांगले आहेत, शास्त्र बरोबर आहे, पण माणूस घाईचा आहे; त्या वेळी मिश्रणात गाठ राहिली होती. हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की कुणाला शंका घ्यायला जागाच उरली नाही. तुझ्या दाण्यांवर कुणाचा आक्षेप नव्हता, धाकट्या. आक्षेप तुझ्या हातांवर होता. विषय पुढच्या सभेवर ढकलला. इतिवृत्तात मी सुबक अक्षरात लिहिलं, ‘चर्चा झाली.’ घरी येताना मला माझ्याच अक्षराची किळस आली.

कारण मिश्रणात गाठ राहिली नव्हती.

आता ती सकाळ सांगते. तुला पाठ असेल, पण तुझ्या वाट्याची तेवढीच. त्या वर्षी हिरवा चारा संपला होता, कोरड्या काडावर गायी खंगत होत्या, आणि तू कॉलेजातून वही भरून आणली होतीस. बाबा म्हणाले होते, ‘शेतात घालायचं खत गायीला घालू?’ तू पंधरा दिवस त्यांच्या मागे लागलास. शेवटी ते म्हणाले, शेवटच्या रांगेतल्या चार गायींपुरतं कर. तू स्वयंपाकघरातला तराजू पळवलास. रोज पहाटे युरिया तोलून, पाण्यात पार विरघळवून, मळीत कालवून, भरड्यात मिसळायचास. पिंपात दिवसाच्या दोन बादल्या, एक सकाळची, एक संध्याकाळची. तुझ्या कपाळावरचा घाम बघून मौनी म्हणायचा, लग्नाचा स्वयंपाकही एवढ्या काळजीनं होत नाही. वीस दिवस गायी मजेत होत्या. मास्तरीण तर, ती पांढऱ्या कपाळाची, बाबांची लाडकी, जी चुकलेल्या पोराकडे बघावं तशी सगळ्यांकडे बघायची, ती गव्हाण चाटून पुसून ठेवायची.

आणि आपली रीत होती बादलीची. खाणं घातलं की बादली खांबापाशी पालथी घालायची. सुलटी असेल तर घालायचं राहिलंय. दुसऱ्या घरात माणसं एकमेकांना विचारतात, ‘घातलं का?’ आपल्या घरात आई गेल्यापासून बादली सांगायची. तिघं एकाच गोठ्यात राबायचो आणि एक शब्द न बोलता दिवस काढायचो, आणि वर त्याचा अभिमान बाळगायचो, की बघा कसं काम चालतं.

त्या दिवशी तुला संशोधनाच्या प्रवेशाचा अर्ज द्यायला शहरात जायचं होतं. तू सव्वासहाला सकाळची बादली घातलीस, पालथी केलीस आणि बसला पळालास. मी आले तेव्हा ती पालथीच होती, मी डोळ्यांनी पाहिली. छपराजवळच्या झरोक्याच्या झडपेची दोरी अडकली होती, म्हणून त्या बादलीवर चढले. दोरी सुटली. उतरताना पाय शेणात गेला, म्हणून त्याच बादलीत पाणी घेतलं, बूट धुतले, पाणी ओतून दिलं आणि बादली ठेवून दिली. सुलटी. मी विचार करून ठेवली असती तर आज काहीतरी कारण तरी सांगता आलं असतं. मी विचारच केला नाही. चारा कापायला मागे गेले. पावणेसातच्या सुमाराला बाबा आले, त्यांना बादली सुलटी दिसली. बसच्या गडबडीत पोरगं विसरलं, असं समजून त्यांनी पिंपातली संध्याकाळची बादली भरली आणि त्याच चौघींना घातली. अर्ध्या तासात दोन बादल्या. सात वाजून गेले तेव्हा मास्तरीण थरथरायला लागली, तोंडाला फेस, पोट नगाऱ्यासारखं. डॉक्टर आले, गार पाणी आणि व्हिनेगर बाटल्यांनी पाजलं. एक वाचली. तीन गेल्या.

डॉक्टर म्हणाले, गाठ राहिली असेल, उरलेलं मिश्रण फेकून द्या. पिंप रिकामं करायला मी गेले. ते आधीच रिकामं होतं. संध्याकाळची बादली त्यात असायला हवी होती, आणि नव्हती. तिथे उभ्या उभ्या मला सगळं कळलं. माझे बूट तेव्हाही स्वच्छ होते. तू संध्याकाळी परतलास. बाबा अंगणात तुला एवढंच म्हणाले, ‘तुझ्या हातचं खाऊन गेल्या.’ तुला वाटलं, तू सकाळी घातलेल्यानंच गेल्या. बाबांना वाटलं, त्यांनी घातलं ते तू चुकीचं कालवलेलं. तुम्हा दोघांनाही एकच बादली माहीत होती. दोन बादल्या फक्त मला माहीत होत्या. आई असती तर तिनं एकच विचारलं असतं, ‘घातलं कुणी?’ आणि सगळा उलगडा दाराशीच झाला असता. पण कुणी विचारलं नाही. तू रात्रीच बॅग भरलीस, आणि मी तुला डबा भरून दिला. डबा.

पहिल्या दिवशी मी घाबरले होते. दुसऱ्या दिवशी कारण सापडलं: सांगितलं तर बाबांना कळेल की मास्तरणीला दुसरी बादली त्यांनीच घातली, आणि ते त्यातून उठणार नाहीत. कारण चांगलं होतं, अकरा वर्षं टिकलं. त्याच्या आड दुसरं एक होतं, तेही लिहून टाकते. तू गेल्यावर गोठा माझ्याकडे आला. तू असतास तर मी कुणाच्या तरी घरची सून होऊन दुसऱ्यांच्या गायींना नावं ठेवत बसले असते. मला हे काम आवडतं. तुझ्या बदनामीवर मी उभी राहिले आणि वरची दोरी सोडवली, असं कुणी म्हणालं तर मला उत्तर देता येणार नाही.

तुझ्या छापील पत्राच्या तळाला, सहीच्या खाली, हातानं लिहिलेलं एक वाक्य आहे: ‘मिश्रण नीट करावे, गाठ राहू देऊ नये.’ खाली दोन रेघा. मी शेजारच्या संघाच्या सचिवाला फोन केला. त्याच्याही पत्रावर आहे. पलीकडच्याच्याही. म्हणजे तू शेकडो पत्रांवर, एकेक करून, हे लिहीत बसलास. ज्या दाण्यांत गाठ राहण्याचा प्रश्नच नाही, त्यांच्या पत्रावर. तोपर्यंत मला वाटत होतं की तू चिडून गेलास आणि मजेत आहेस, मोठा शास्त्रज्ञ झालास, बरंच झालं. ते वाक्य बघून कळलं की तू अजून त्या पिंपापाशीच उभा आहेस. तर ऐक, आणि हे वाटलं तर वर्तमानपत्रात छाप: तुझं मिश्रण बरोबर होतं. वीस दिवस बरोबर होतं, एकविसाव्या दिवशीही बरोबर होतं. तू एकाही गायीला मारलं नाहीस. येत्या गुरुवारी सभेत मी हेच उभी राहून सांगणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी, आणि इतिवृत्तात या खेपेला ‘चर्चा झाली’ असं लिहिणार नाही. तू माझ्यावर चिडणार. चीड. मी फोन उचलेन आणि मध्ये बोलणार नाही, म्हणजे तसा प्रयत्न करेन.

सभेच्या आधी घरात सांगायला हवं होतं. काल दुपारी बाबांच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसले आणि सगळं सांगितलं. कान त्यांनी लख्ख उघडे ठेवले होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, ‘दुसरी बादली माझी.’ हो. ‘पहिली त्याची.’ हो. ‘मधे तू.’ हो. ‘मला का नाही सांगितलंस?’ म्हटलं, तुम्हाला लागेल म्हणून. ‘आणि त्याला लागलं ते?’ एवढं विचारून ते उठले, शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले, एकेका गायीच्या पाठीवर हात ठेवत परत आले. डोळे पुसले ते माझ्यासमोर, लपवलं नाही. मग म्हणाले, ‘त्याला कळवलंस?’ अजून नाही. ‘मग माझ्यापाशी काय बसलीस, ऊठ.’ म्हणून हे पत्र. मी दारापर्यंत पोचले तोच मागून हाक आली, ‘वीस गायी मागतोय ना तो? वीस कशाला, चोवीसच्या चोवीस घे म्हणावं. आणि कालवायचं त्यानं, स्वतःच्या हातानं. दुसरं कुणी पिंपाला हात लावायचा नाही.’ मी म्हटलं, बाबा, चाचणीत अर्ध्या गायींना द्यायचंच नसतं, तुलना करायची असते. त्यावर ते म्हणाले, ‘ते तू नको सांगूस मला. तो येऊन सांगेल.’

उशिरा का होईना, खरं सांगणारी
तुझीच
ताई